बंब धुमसतो, फळ्या फाटतात: ग्वाल्हेरच्या हवेत लाकूड वाळवण्याची रड

डिसेंबरात हजिऱ्याकडे तानसेन समारोहाचे मांडव पडले की लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात दोन आवाज सुरू होतात. एक बंबातल्या लाकडाचा, "स्स्स्स", आणि दुसरा वरच्या मजल्यावरून काकूंचा, "अरे, धूर बघ किती! आत्ताच कपडे वाळत घातलेत मी!" सलग तीन हिवाळे हेच चाललं होतं. घरात गीझर आहे, नाही असं नाही. पण पहाटे पारा चार-पाच अंशांवर आला आणि घरात आठ पाहुणे असले की आजोबांच्या वेळच्या तांब्याच्या बंबाला पर्याय नसतो.

याच तीन वर्षांत दुसरं एक दुखणं होतं आणि ते मी वेगळं समजत होतो. मे महिन्यातल्या एका आंधीत अंगणातला जुना कडुनिंब आडवा झाला होता. बुंध्याच्या फळ्या काढून आणल्या आणि फांद्या सरपणाला ठेवल्या. महिन्याभरात फळ्यांची टोकं उकलली, दोन तर अशा पिळवटल्या की जमिनीवर ठेवल्या तर झोपाळ्यासारख्या डुलत. पुढच्या वर्षी आंब्याचा ओंडका घेतला, त्याचीही तीच गत. म्हणजे जळणाचं लाकूड वाळत नव्हतं आणि फळीचं लाकूड नको तितकं वाळत होतं. एकाच अंगणात, एकाच हवेत.

बंबाच्या धुरावर मी आधी केलेला उपाय सांगतो, म्हणजे तुम्ही तो करणार नाही. कल्हईवाल्याला बोलावून बंबाला आतून कल्हई करून घेतली. बंब सुंदर दिसायला लागला. धूर तेवढाच.

आधी दोष कुठे आहे ते बघा

बंबाच्या धुराची तीन कारणं असतात आणि तिन्हींची लक्षणं वेगळी आहेत. लाकूड पेटताना सिसकारत असेल, त्याच्या कापलेल्या टोकाला फेस किंवा पाण्याचे थेंब दिसत असतील आणि धूर पांढरा, जाडसर असेल, तर लाकूड ओलं आहे. बाकी काहीही दुरुस्त करून उपयोग नाही. लाकूड खडखडीत वाळलेलं आहे, पण धूर वरच्या नळीतून जाण्याऐवजी खालच्या तोंडातून अंगावर येतो, तर मधली नळी काजळीने बुजली आहे. लांब काठीला गोणपाट गुंडाळून नळी वरून खाली साफ करा, वर्षातून दोनदा. आणि पहिली पाच मिनिटं चांगली ज्वाळा, मग नुसतं लाल होऊन बसणं, असं होत असेल तर जाळीखाली राख साठली आहे, खालून हवाच जात नाही. ही राख रोज काढायची. आमच्याकडे हे काम कोणाचं यावर एक हिवाळा वाद झाला.

नळीतली काजळी हाताला कशी लागते तेही बघा. भुकटीसारखी मऊ असेल तर ठीक. पण काळी, चकचकीत, डांबरासारखी चिकटून बसलेली असेल, तर गेल्या वर्षी ओलं लाकूड जाळल्याची ती पावती आहे. ओलं लाकूड जळताना आग थंड राहते, धुरातला अर्धवट जळालेला भाग वर जाऊन थंड तांब्यावर थिजतो. आमची नळी खरवडायला एक अख्खा रविवार गेला.

ओलं म्हणजे किती ओलं

लाकडातला ओलावा मोजायची पद्धत सुताराची आणि वनखात्याची एकच: पाण्याचं वजन भागिले पूर्ण सुक्या लाकडाचं वजन. नुकत्या तोडलेल्या झाडात हा आकडा 50 ते 100 टक्के सहज असतो. जळणासाठी तो 20 च्या खाली हवा.

आता टालवर, म्हणजे आपल्या वखारीत, लाकूड किलोवर मिळतं. 60 टक्के ओलाव्याचं 100 किलो लाकूड घेतलंत तर त्यात लाकूड साडेबासष्ट किलो आणि पाणी साडेसदतीस किलो. 20 टक्क्यांचं घेतलंत तर लाकूड 83 किलो. पैसे दोन्हीकडे शंभर किलोंचेच. शिवाय ते पाणी आधी उकळून वाफ करून घालवायला त्याच लाकडाची उष्णता खर्च होते, किलोमागे साधारण 2.6 मेगाज्यूल. एक किलो पूर्ण सुकं लाकूड सुमारे 18 मेगाज्यूल देतं, तेव्हा हिशेबात हा तोटा फार मोठा दिसत नाही. खरा तोटा धुरात आहे. आग थंड राहिल्यामुळे जे जळायला हवं होतं तेच धूर होऊन काकूंच्या कपड्यांवर जातं.

किती लाकूड लागायला हवं, याचा अंदाज असावा. 20 लिटर पाणी 12 अंशांवरून 45 वर न्यायला सुमारे 2.8 मेगाज्यूल लागतात. बंबाने उष्णतेचा तिसरा हिस्सा जरी पाण्याला दिला तरी अर्धा-पाऊण किलो वाळलेलं लाकूड पुरे. आम्ही दोन-दोन किलो घालत होतो आणि वर रॉकेलही. रॉकेल अजिबात नको. बंबाचं तोंड अरुंद असतं, भडका उलटा येतो.

घरी ओलावा मोजायला यंत्र लागत नाही. रद्दीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा मी आणला. फूटभर लांब, चार-चार इंच जाड असे तीन तुकडे निवडून त्यांवर खडूने 1, 2, 3 लिहिलं आणि दर रविवारी वजन केलं. एक नंबरचा तुकडा फेब्रुवारीच्या मध्यावर 3.2 किलो होता, मार्चअखेर 2.5, मेच्या पहिल्या आठवड्यात 2.2. त्यानंतर दोन आठवड्यांत काटा जेमतेम हलला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या हवेपुरतं वाळलं. अगदी आकडाच हवा असेल तर मधल्या भागातून ढलपी काढून आधी तिचं वजन करा, मग ओव्हनमध्ये 100-105 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत ठेवा आणि भागाकार करा. पहारा ठेवून बरं का. आणि ओव्हन घरातल्या मालकिणीला विचारून.

दोष आपल्या पंचांगात आहे

हे वजनाचं वेड लागल्यावर मला पहिल्यांदा उमगलं की आमचं सगळं चुकत होतं ते महिन्यांमुळे.

लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. हवेत जितकी दमटपणाची टक्केवारी, त्याप्रमाणे लाकडातला ओलावा एका ठिकाणी येऊन थांबतो. आपल्याकडे मे महिन्यात लू, म्हणजे गरम कोरडा वारा, चालते तेव्हा दुपारी हवेतला दमटपणा 20 टक्क्यांच्या आसपास उतरतो. अशा हवेत लाकूड 4-5 टक्क्यांपर्यंत वाळू पाहतं. श्रावणात हवा 80-85 टक्के दमट, तेव्हा तेच लाकूड पुन्हा 16-17 टक्क्यांकडे चढतं. पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांना ही उडी सांगून पटत नाही. त्यांच्याकडे लाकूड कुजतं आणि बुरसटतं, आपल्याकडे आधी फाटतं, मग बुरसटतं. शिवपुरीच्या वाटेवर डोंगरउतारांवर करधई दिसते ना, उन्हाळ्यात मेल्यासारखी उभी असते आणि हवेत नुसती ओल आली की हिरवी व्हायला लागते? तिला ढग दिसायच्या आधी कळतं. कापलेल्या लाकडालाही कळतं, फक्त ते पालवी फोडत नाही, पीळ घेतं.

आता आमचं वेळापत्रक बघा. झाड मेअखेर पडलं. फळ्या जूनच्या पहिल्या आठवड्यात चिरल्या, म्हणजे ओलंकच्च लाकूड थेट लूच्या तोंडी दिलं. आणि फांद्या मात्र "सवडीने फोडू" म्हणून अख्ख्या रचून ठेवल्या, पाऊस आला तशी त्यांवर ताडपत्री चहूबाजूंनी गच्च बांधली. आत वाफ कोंडली, सालीखाली पांढरी बुरशी आली, ऑक्टोबरात फोडलं आणि डिसेंबरात जाळलं. जळणाला जी हवा हवी होती ती फळ्यांना मिळाली आणि फळ्यांना जी सावली हवी होती ती जळणाला.

जळण: उन्हाळ्याच्या आधी फोडा

अख्खा ओंडका वाळत नाही. साल म्हणजे झाडाचा रेनकोट. पाणी लाकडातून निघतं ते मुख्यतः टोकांतून. रेषांच्या दिशेने ते आडव्यापेक्षा दहा-पंधरा पट वेगाने सरकतं. म्हणून तुकडे आखूड करायचे, बंबासाठी फूटभर पुरे, आणि मग उभे फोडायचे. मनगटाएवढे जाड, त्याहून नको.

कडुनिंब फोडणं हे एक प्रकरण आहे. त्याच्या रेषा सरळ जात नाहीत, थराथराने उलटसुलट गुंतलेल्या असतात. मध्यावर कुऱ्हाड मारली की रुतून बसते. कडेकडेने ढलपे काढत या, मोठ्या गाठीच्या तुकड्याला लोखंडी पाचर आणि घण वापरा, आणि ओलं असतानाच फोडा. वाळलेला कडुनिंब फोडायला गेलात तर पाचर तेवढी उडेल. बाभूळ त्या मानाने शहाणी आहे. जळणाला बाभूळच उत्तम, जड असते, निखारा टिकतो. चंबळच्या बीहडात माजलेली विलायती बाभूळही झकास जळते. तिच्या मोळ्या घेऊन बायका येतात त्यांच्याकडून घ्या. फक्त काटे सांभाळा, ते चपलेतून आरपार जातात. सलईसारखं हलकं लाकूड भरकन पेटून भरकन संपतं, पेटवणापुरतं ठीक. पेटवणाला आमच्याकडे गोवरीचा तुकडा आणि मोहरीची वाळकी धाटं. ग्वाल्हेर-मुरैन्याकडे मोहरीला काय तोटा!

रचायचं विटांवर किंवा जुन्या लोखंडी खाटेवर, जमिनीला टेकवायचं नाही, नाहीतर खालचा थर ओल ओढतो आणि वाळवी वर चढते. कापलेली टोकं पश्चिमेकडे, कारण लू तिकडून येते. फेब्रुवारीत फोडून रचलेलं जळण जूनपर्यंत खडखडीत होतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टिपरीसारखा टणक आवाज येतो, ओलं असेल तर थप्प. पावसाआधी वरून पत्रा टाका, फक्त वरून. बाजू उघड्या. पावसाळ्यात ते थोडं ओलावतं, पण 17 टक्के म्हणजे अजूनही जळण्याजोगंच. ज्यांना फेब्रुवारी साधला नाही त्यांनी निदान एप्रिल चुकवू नये.

काय जाळू नये तेही इथेच. कण्हेरीच्या फांद्या नकोत, तिचा धूरसुद्धा विषारी. रंगवलेलं जुनं दार, प्लायवूड, सनमायका लावलेले तुकडे नकोत. आणि निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणं तर कधीच नको. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं वाटतं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. उत्तरेत दर थंडीत माणसं अशी झोपेतच जातात.

फळी: उन्हाळ्यापासून लपवा

आता दुसरं टोक. ओंडका चिरायला नेला तेव्हा आरा मशीनवरच्या मिस्त्रीने मला सांगितलं होतं, "भाईसाहब, लकड़ी अभी चलेगी." मला वाटलं, चालेल म्हणतोय, म्हणजे चांगली आहे. त्याला म्हणायचं होतं की ती हलणार आहे. "चलना" म्हणजे वाकणं, पिळवटणं. ग्वाल्हेरात तीन पिढ्या काढूनही आपलं हिंदी असं तोंडघशी पाडतं.

लाकूड सुमारे 30 टक्के ओलाव्यापर्यंत आकसत नाही. तोवर पोकळ्यांतलं मोकळं पाणी जातं. त्याच्या खाली उतरलं की आकसायला लागतं आणि तेही सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळपास शून्य. केंद्राकडून सालीच्या दिशेने थोडं. आणि वर्तुळांच्या कडेकडेने त्याच्या जवळपास दुप्पट. ओंडका गोलच ठेवला तर सालीपासून गाभ्यापर्यंत जी पाचरीसारखी चीर जाते ती याच भांडणाची. फळी खोलगट होते तेव्हा सालीकडची बाजू खोलगट होते, नेहमी. आणि टोकं फाटतात कारण तिथून पाणी आधी जातं: टोक आकसलं, मधला भाग अजून फुगलेला, मग टोक उकलणारच.

म्हणून झाड आडवं झाल्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, ओंडक्याची दोन्ही टोकं बंद करायची. घरातला उरलेला ऑइल पेंट दोन हात, किंवा वितळलेलं मेण. जुने लोक शेण-माती लिंपत, तीही चालते, मात्र पोपडे निघाले की पुन्हा लिंपायची. आम्ही पेंट लावला तो तीन आठवड्यांनी, चिरा पडल्यावर. मेलेल्याला औषध.

चिरायची वेळ साधता येत असेल तर पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकात चिरा. पुढचे चार-पाच महिने थंड हवेत लाकूड हळूहळू उतरतं आणि मार्चनंतरची झळ येईपर्यंत बरंचसं वाळलेलं असतं. झाड उन्हाळ्यातच पडलं तर टोकं बंद करून ओंडका सावलीत, विटांवर, अख्खा ठेवणं बरं. कडेला एखादी चीर जाईल, पण फळ्या वाचतील. (आंब्याला हे लागू नाही; तो पडून राहिला की त्यात कीड आणि निळसर डाग शिरतात, तो लगेच चिरावा.) चिरताना अगदी मधला केंद्राचा भाग फळीत येऊ देऊ नका. आणि एक इंची फळी हवी असेल तर सव्वा इंच चिरून घ्या, रंध्याखाली जायला काही उरलं पाहिजे.

आरा मशीनवरचा हिशेब समजून घेतला तर वाद टळतो. घेर फुटांत नाही, इंचांत मोजतात. त्याचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटांत, भागिले 144. आमचा ओंडका 48 इंच घेराचा आणि 6 फूट लांब: बाराचा वर्ग 144, म्हणजे बरोबर 6 घनफूट. गोल ओंडक्यात खरं लाकूड याहून जास्त असतं, या पद्धतीत सुमारे 78 टक्केच धरलं जातं. उरलेलं चिरताना जाणारच आहे अशी ती सोय. यात कोणी फसवत नाही, मी उगाच भांडलो.

एक महत्त्वाचं: मध्य प्रदेशात शहरी हद्दीत झाड तोडायला 2001 च्या वृक्ष परिरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. झाड पडलेलं असेल तरी फोटो काढून, अर्ज देऊन मगच करवत लावा आणि लाकूड गाडीत घालण्याआधी वाहतुकीचा कागद लागतो का तेही तिथेच विचारून घ्या.

आता रचणं, जिथे आम्ही सगळ्यात जास्त चुकलो. फळ्या भिंतीला उभ्या टेकवायच्या नाहीत, एकावर एक चिकटवूनही नाहीत. खाली सपाट पाया. पाया वाकडा तर सगळी रास वाकडी. दर दीड फुटावर इंचभर जाडीची सुकी पट्टी, तिच्यावर फळी, पुन्हा पट्ट्या, आणि प्रत्येक थरातल्या पट्ट्या खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर. आम्ही पट्ट्या जिथे मिळाल्या तिथे घातल्या होत्या, आणि फळ्यांनी त्याच ठिकाणी बाक घेतला. सगळ्यात वर वजन. आपल्याकडे वालुकाश्माच्या फरश्यांचे तुकडे प्रत्येक वाड्याच्या मागे पडलेले असतात, तेच ठेवा. जागा पडवीची किंवा जिन्याखालची, वारा खेळता पण ऊन नाही. एप्रिल लागला की पश्चिमेकडून गोणपाटाचा पडदा. कोरडाच. पहिल्या वर्षी मी हुशारीने गोणपाट ओला करत होतो, कूलरसारखा. कडेच्या फळ्यांवर काळे डाग आले ते रंध्यानेही गेले नाहीत.

फाटलेल्या फळीचं काय? पावसाळ्यात चीर मिटल्यासारखी दिसते. फसू नका, ती मेमध्ये पुन्हा तोंड उघडते. चिरेच्या पुढे दोन इंच सोडून कापून टाका. खोलगट झालेली फळी, खोलगट बाजू खाली करून, ओलसर हिरवळीवर कोवळ्या उन्हात दोन-तीन तास ठेवली की बरीच सरळ होते, मग लगेच वजनाखाली. पिळवटलेली मात्र सरळ होत नाही, कडुनिंबाची तर नाहीच. तिचे दीड-दीड फुटांचे तुकडे करा. लांबी कमी झाली की पीळही तेवढाच कमी, रंध्याने निघतो. आमच्या दोन डुलणाऱ्या फळ्यांतून पंगतीचे सहा पाट निघाले.

भुसा पडत असेल तर आणखी एक बघा. भिंतीलगत मातीच्या वाटा दिसल्या तर वाळवी. टाल्कम पावडरीसारखं बारीक पीठ आणि टाचणीएवढी भोकं, तर घुण. तो लाकडाचा पांढरट बाहेरचा भाग खातो, पक्क्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. आंबा आणि बांबू त्याचे लाडके. तीन भाग बोरॅक्स, दोन भाग बोरिक ऍसिड, दोन्ही मिळून 20 लिटर कोमट पाण्यात एक किलो, आणि फळ्या अजून ओलसर असतानाच सगळीकडून ब्रशने दोनदा. हातमोजे घालून. हे मीठ पाण्याने धुऊन जातं, म्हणून फक्त घरातल्या लाकडाला.

आणि पुरता वाळलेला माल बसवताना लक्षात ठेवा, ती देवाणघेवाण थांबत नाही. दहा इंच रुंदीची फळी मेपासून श्रावणापर्यंत सहा मिलिमीटरच्या आसपास फुगते. तुमचं देवघराचं दार जुलैत अडकतं आणि मेमध्ये फटीतून समई दिसते, ते त्यामुळेच. मेमध्ये बनवलेल्या दाराला फट सोडायला सांगा, श्रावणात बनवलेलं घट्ट बसवायला. मी मिस्त्रीला हे समजावायला गेलो तर तो हसला. त्याला ते आधीपासून माहीत होतं, विचारलं कोणी नव्हतं.

या हिवाळ्यात बंबाला रोज तीन तुकडे लागले. काकूंनी धुराबद्दल काही म्हटलं नाही, मात्र जिन्याखाली रचलेल्या फळ्यांमुळे त्यांची सायकल कुठे ठेवायची हा प्रश्न नव्याने निघाला आहे.